सहीखाली गाव लिहिलं म्हणून

काल परत एक मेल आली. कुण्या बाईची. म्हणती, "तुमची वेबसाइट मी नेहमी वाचते, त्यातली माहिती मला फारच उपयोगी वाटली. आमचंही त्याच विषयावर एक पान आहे, त्याची लिंक दिलीत तर तुमच्या वाचकांचं भलं होईल." मी जालन्यात ज्या क्लासमधे इंग्रजी शिकवतो त्या क्लासची ही वेबसाइट. तिच्यावर बॅचच्या वेळा आहेत आणि एक फोन नंबर. बस. आता ह्या बाईला सकाळी साडेसातची बॅच एवढी काय उपयोगी पडली कुणास ठाऊक!

बायको म्हणती, "डिलीट मारा ना. रक्त कशाला आटवून राह्यले?" तिचं बराबर आहे. पण माझ्या डोक्यात जातं. कारण हा धंदा मी सुरुवातीपासून बघितलाय. जालन्यात तो पहिल्यांदा आला तेव्हा त्या मेल लिहिणारा मीच होतो, आणि तेव्हा त्यात काही खोटं नव्हतं. मंग ह्याच धंद्यानं माझ्या धाकट्या बहिणीची ठरत आलेली सोयरीक टांगणीला लावली. तिचा काय संबंध? काहीच नाही. अण्णांचा काय संबंध? वडिलांनी जन्मात कॉम्प्युटरला हात लावला नाही. तरी भोगलं त्या दोघांनी. सांगतो.

दोन हजार साल उलटून गेल्तं. मी एम. ए. इंग्लिश होऊन कुंभार पिंपळगावात घरी बसलो होतो. बसलो म्हणजे शेतात जात होतो, पण शिकलेलं पोरगं शेतात गेलं की गावाच्या लेखी ते बसलेलंच असतं. कुणीतरी सांगितलं की नव्या जालन्यात एकानं इंटरनेटचं ऑफिस काढलंय आणि त्याला चांगलं इंग्रजी लिहिणारा पाहिजे. हा एक म्हणजे केदारखेड्याकडच्या मोठ्या जमीनवाल्याचा पोरगा. औरंगाबादला इंजिनिअर झाला होता. माझ्याच वयाचा, पण पहिल्या दिवशीच म्हणाला, "मला सर म्हणायचं." म्हणलं, म्हणतो. माझं काय जातं.

ऑफिस एका बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर. खालचे शेठजी आमचे घरमालकही आणि पहिलं गिऱ्हाईकही. त्यांच्या घराण्याला राजस्थानातून येऊन कितीतरी पिढ्या झालेल्या, जालन्याचं मराठी आमच्यापेक्षा झणझणीत बोलायचे, फक्त चिडले की हिंदीवर जायचे. त्यांना भाजीपाल्याचं बियाणं परदेशात विकायचं होतं. सरनं त्यांची वेबसाइट बनवली होती, पण ती सर्चमधे कुठंच दिसत नव्हती. ती वर यायची तर दुसऱ्यांच्या साइटवरून तिच्याकडं वाटा याव्या लागतात. त्या वाटा म्हणजे लिंका. आणि लिंका कुणी आपणहून देत नाही, त्या मागाव्या लागतात. ते मागायचं काम माझं.

टेलिफोनची लाइन एकच, वर आणि खाली मिळून. मी नेट लावलं की दुकानाचा फोन मुका. शेठजी खालून ओरडायचे, "अरे बंद करो भाई, इंदौर का फोन आनेवाला है!" मंग मी बंद करायचो. तोवर जेवढं पान उघडलं असंल तेवढं वाचत बसायचो. त्या काळी मी लोकांच्या साइटा खरंच वाचायचो. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. दुसरा मार्गच नव्हता, कारण समोरच्यानं काय लिहिलंय हे कळल्याशिवाय त्याला काय मागणार? पाहुण्याच्या घरी गेल्यावर आधी ख्यालीखुशाली विचारतात, मंग कामाचं काढतात. मी तसंच करायचो. दिवसभरात एखादी, फार तर दोन मेल व्हायच्या.

त्यातली एक इंग्लंडातल्या एका म्हाताऱ्याला लिहिली होती. गडी रिटायर झालेला, घरामागच्या तुकड्यात कांदे लावायचा. पण कसले कांदे! डोक्याएवढे. तिकडं कांद्याच्या स्पर्धा भरतात म्हणे. त्यानं बी टाकण्यापासून काढणीपर्यंत सगळं फोटोसकट लिहून ठेवलं होतं. मी त्याचं सगळं वाचलं आणि त्याला मनात होतं तेच विचारलं, की आमच्याकडं कांदा पोसायच्या आधीच डेंगळे निघतात, फुलाचे दांडे येतात, तुम्ही त्याला काय करता? मंग खाली शेठजींच्या बियाण्याचं लिहिलं, लिंकेचं लिहिलं. आणि सही केली.

सही कशी? जशी अण्णांनी शिकवली तशी. स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव. खाली मुक्काम पोस्ट कुंभार पिंपळगाव, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना. आमच्या गावात माझ्या नावाचे आणखी दोघं आहेत, आडनावासकट. बापाचं नाव आणि गाव लिहिलं नाही तर पत्र कुणाचं ते कळत नाही. आणि जे पत्र कुणाचं ते कळत नाही ते निनावी, आणि निनावी पत्र लिहितो तो बदमाश. हे आमच्या घरचं शिक्षण. मेल असली म्हणून काय झालं, पत्रच ना ते? मी इंग्रजीत सगळं तसंच लिहायचो. सर हसायचा. "अरे, गोऱ्याला काय करायचाय तुझा तालुका?"

पण गोऱ्याला तो तालुका आवडला. त्या म्हाताऱ्याचं लांबलचक उत्तर आलं. त्यानं नकाशात आमचं गाव शोधलं, सापडलं नाही, म्हणून विचारलं की जवळ नदी कोणती. डेंगळ्यांचं सविस्तर सांगितलं. अण्णांच्या नावाचा अर्थ विचारला. आणि लिंक लावून टाकली, वर लिहिलं की हे माझे भारतातले मित्र. मी गावी जाऊन अण्णांना सांगितलं तर ते खाटेवरून उठूनच बसले. "त्याला इचार, खत काय घालतो. आन् पाणी किती दिसाआड देतो ते बी इचार." असं दोनतीन वर्षं चाललं. तो विचारायचा, मी अण्णांना विचारून लिहायचो.

आणि मंग त्या धंद्याची माती झाली.

आधी आलं साटंलोटं. तू माझी लिंक लाव, मी तुझी लावतो. आपल्याकडं तुमची पोरगी आमच्यात द्या, आमची तुमच्यात घ्या असं करतात तेच. नाव मीच ठेवलं ते, ऑफिसात रूढ झालं. त्यात तरी थोडी ओळख लागायची. मंग सर्चच्या खिडकीत साइटचं वजन दाखवणारी एक हिरवी पट्टी दिसायला लागली. ज्या साइटची पट्टी लांब, तिची लिंक भारी. झालं! आता साइट कशाची आहे ते कुणी वाचंना. सर माझ्यामागं उभं राहून बोटानं दाखवायचा, "ह्याची पट्टी बघ. ह्याला लिही. ह्याची न्हाई, ह्याला सोड." मी म्हणायचो, सर, हा माणूस चांगलं लिहितो. तो म्हणायचा, "चांगलं लिहितो तर पुस्तक काढ म्हणावं."

सर्चवाले काही दुधखुळे नव्हते. त्यांनी साटंलोटं ओळखलं आणि त्याची किंमत पाडली. मंग इकडून तिघांचं सुरू झालं, हा त्याला, तो तिसऱ्याला आणि तिसरा ह्याला. तेही ओळखलं. जितकं ते ओळखायचे तितकं आमचं वाढायचं. एक मेल लिहून लिंक मिळंना म्हणल्यावर दहा लिहा. दहा लिहायला वेळ नाही म्हणल्यावर एकच लिहा आणि दहा जणांना पाठवा. एक दिवस सरनं माझ्यापुढं कागद टाकला. त्यावर मेलचा साचा. सुरुवातीला रिकामी जागा, तिथं समोरच्याचं नाव. मंग "तुमचा" असं लिहून परत रिकामी जागा, मंग "हा लेख मला मनापासून आवडला."

मी विचारलं, "न वाचता आवडला?"

"तुला पगार आवडायचा मिळतो का वाचायचा?" सर म्हणाला. आणि हसला, भाड्या. मला आजही त्याचं हसू आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

नवी पोरंपोरी घेतली. अंबडची, बदनापूरची, चांगल्या घरची लेकरं. त्यांना गोऱ्या बायांची नावं वाटून दिली, कारण बाईच्या नावानं मेल गेली की उत्तर जास्त येतं म्हणे. मिशा फुटलेला पोरगा दिवसभर बाई होऊन कौतुक करून राह्यला. सर मलाही एक नाव देऊ लागला तेव्हा मी साफ सांगितलं, मी लिहीन तर माझ्याच नावानं लिहीन. सरनं ते चालू दिलं. त्याचं कारण नंतर कळलं. त्यानं गुपचूप मोजून बघितल्तं आणि त्या सगळ्या गोऱ्या बायांपेक्षा माझ्या सहीला उत्तरं जास्त येत होती. बाप, गाव, तालुका, जिल्हा. एवढं कुणी खोटं लिहीत नाही असं त्या लोकांना वाटायचं. मला खरेपणा म्हणून जे शिकवलं होतं ते सरला गळाचं आमिष म्हणून सापडलं.

एका दुपारी मी शेजारच्या पोरीच्या स्क्रीनवर बघितलं तर मेल तिची, खाली सही माझी. अण्णांच्या नावासकट! मी सरच्या केबिनमधे गेलो. म्हणलं, "सर, हे काय चालवलंय? माझ्या बापाचं नाव काय भाड्यानं दिलंय का?"

"अरे, चिडतो कामून? चांगली सही आहे म्हणून घेतली. टीमवर्क असतंय हे."

"काढा ते. आत्ता."

"काढतो ना बाबा. काढतो."

मी दुसऱ्या दिवसापासून गेलोच नाही. क्लासमधे शिकवायला लागलो. त्याची एकदा मेल आली की सगळं काढून टाकलंय, निश्चिंत राहा. मी निश्चिंत राह्यलो. म्हाताऱ्याशी पत्रव्यवहार ऑफिसच्या मेलवरून होता, तो तुटला. माझ्याकडून नव्या पत्त्यावरून एकदोन पत्रं गेली, उत्तर आलं नाही. म्हणलं वय झालं असंल.

आता बहिणीचं. ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. बी. एस्सी. झालेली, बी. एड. केलेली, घरात सगळ्यात हुशार तीच आणि सगळ्यात कमी बोलणारी. जालन्यातल्या एका घरचं स्थळ आलं. मुलगा पुण्याला कंपनीत. दोघं एकमेकांना भेटले, दोघांना पसंत. तिनं मला स्वतः सांगितलं, "दादा, मला चालतंय. चांगला वाटला." तिच्या तोंडून एवढं म्हणजे लई झालं. आई तर साड्यांपर्यंत गेल्ती. कुंकू लावून सोयरीक पक्की करायचा दिवस धरायचा तेवढा राह्यला होता.

तो धरायला म्हणून मुलाचे काका आले. सोबत मुलाचा थोरला भाऊ, तोही कॉम्प्युटरमधलाच. चहा झाला. काका इकडचं तिकडचं बोलले, पाऊसपाणी झालं, आणि मंग त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून खाटेवर अण्णांपुढं ठेवला. छापलेला, इंग्रजी.

"पाव्हणं, हे तुमचंच नाव न्हवं?"

अण्णांना इंग्रजी येत नाही. पण आपलं नाव इंग्रजीत कसं दिसतं ते त्यांना माहीत आहे, मीच शिकवलंय. त्यांनी बोट ठेवलं. जरा खुशच झाले. "हा, माझंच की. आन् हे गाव. हे कुठं छापून आलंय?"

मी वाकून कागद बघितला. कांद्यावाल्या म्हाताऱ्याचं पान होतं ते. त्यानं आपल्या साइटवर एक उकिरडा काढला होता. खरंच, उकिरडाच नाव दिलेलं. त्याला येणाऱ्या निर्लज्ज मेल तो तिथं टाकायचा, खाली आपला शेरा मारायचा, आणि लोक हसायला यायचे. त्यात एक मेल माझ्या सहीची. मी न लिहिलेली. "तुमचा मोठ्या कांद्यावरचा लेख मला मनापासून आवडला. त्याच विषयाला पूरक असं आमचं पान आहे." ते पान होतं मर्दानी ताकदीच्या गोळ्यांचं. आणि खाली माझं नाव, अण्णांचं नाव, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा. त्यावर म्हाताऱ्याचा शेरा, की हा माणूस एकेकाळी माझा मित्र आहे असं मला वाटायचं.

अण्णा म्हणाले, "काय लिवलंय, वाच की."

"औषधाची जाहिरात आहे, अण्णा."

"कसल्या औषधाची ते सांग ना," काका म्हणाले. आई दारात उभी, बहीण आतल्या खोलीत. मंग त्या थोरल्या भावानंच सांगितलं, मराठीत, नीट समजंल असं. अण्णांचं बोट अजून नावावरच होतं. त्यांनी ते उचललं आणि धोतराला पुसलं. माझं त्या वेळी काय झालं ते मला सांगता येत नाही. त्या भावाच्या कानाखाली द्यावी वाटली, आणि त्याची तर काही चूक नव्हती.

मी सगळं समजावून सांगितलं. काका ऐकून घेत होते. माणूस वाईट नव्हता, पण सोयरीक करायला निघालेला माणूस कधीच पुरता चांगला नसतो. म्हणाले, "आमचा भरवसा हाये तुमच्यावर. पण नेटवर नाव टाकलं की दुसरं काहीच येत न्हाई, हेच येतं. उद्या पोराच्या ऑफिसात कुणी सासऱ्याचं नाव टाकून बघितलं तर? एवढं काढून घ्या. दिवाळीपतूर गेलेलं दिसलं की कुंकू लावू."

खरंच होतं ते. आमच्या अण्णांचं नाव इंटरनेटवर दुसरं कुठं असणार? आणि तो उकिरडा लोकांना एवढा आवडला होता की जगभरातून त्याला लिंका होत्या. न मागता मिळालेल्या! आम्ही वर्षानुवर्षं भीक मागून जे मिळवलं नाही ते म्हाताऱ्याला फुकट मिळालं, माझ्या बापाच्या नावावर.

मी तडक सरकडं गेलो. आता त्याचं ऑफिस दोन मजली, काचेचं. शेठजींची माडी कधीच सोडली होती. त्यानं कागद बघितला आणि हात वर केले. "एखाद्या जुन्या यादीत राह्यलं असंल रे. सॉफ्टवेअर पाठवतं, आपण थोडीच पाठवतो? तो गोळ्यावाला फॉरेनचा क्लायंट होता, तोही गेला आता."

"माझ्या सहीच्या अशा किती मेल गेल्या?"

"ते कसं सांगणार?" मंग खुर्ची पुढं ओढून म्हणाला, "टेन्शन घेऊ नको. तुझ्या अण्णांच्या नावानं धा-बारा पानं बनवू. आदर्श शेतकरी, समाजसेवक, जांब समर्थच्या उत्सवात सत्कार, असं काहीबाही. त्याला लिंका मारू. ते खाली जातं की न्हाई बघ. तुझ्याकडून काही घेणार न्हाई."

ज्या माणसानं बापाच्या नावाला घाण लावली तोच आता त्यावर अत्तर शिंपडायला निघाला होता! मी म्हणलं, "माझ्या बापाचा सत्कार कधी झाला न्हाई, आणि झाला असता तर तुझ्या हातानं तो नको." 'तुझ्या' म्हणालो. पहिल्यांदाच. त्याला त्याचंच जास्त लागलं असं वाटलं.

राहिला एकच मार्ग. म्हाताऱ्याला लिहायचं. एकेकाळी मी लिहिलं की तो उत्तर द्यायचा. खरं ते लिहू, माणूस आहे, समजून घेईल.

दोन दिवस लिहीत होतो. क्लासची पोरं समोर व्याकरण सोडवत होती आणि मी खोडून परत लिहून राह्यलो. आधी त्याच्या कांद्यांची विचारपूस केली, कारण इतक्या वर्षांनी एकदम कामाचं कसं काढायचं? लिहिलं, तुमचं पान मी अजून वाचतो आणि ते मला अजून आवडतं. खरंच वाचलं होतं, आदल्या रात्री, सगळं. मंग लिहिलं, ती मेल माझी नाही, माझ्या जुन्या ऑफिसनं पाठवली. बहिणीच्या लग्नाचं लिहिलं. वडिलांना इंग्रजी येत नाही हे लिहिलं. विनंती केली की तेवढा मजकूर काढावा. आणि सही? बापाचं नाव नाही लिहिलं तर तो मला ओळखणार कसा? सगळं लिहिलं. मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा.

उत्तर नाही. आठवड्यानं परत लिहिलं. नाही. रोज क्लास सुटला की मी ते पान उघडून बघायचो. बहीण काही विचारायची नाही, पण मी शनिवारी गावी गेलो की चहा देताना माझ्या तोंडाकडं बघायची. अण्णांनी मात्र त्या कागदानंतर मला एकही गोष्ट विचारली नाही. कांद्याचंसुद्धा नाही.

दिवाळी तोंडावर आली आणि एके दिवशी पान बदललेलं दिसलं. उकिरड्याच्या अगदी वर, नवी भर. माझं पत्र. पुरतंच्या पुरतं, सहीसकट. आणि शेरा: "जुना गडी परत आलाय. गोळ्या खपल्या नाहीत, म्हणून आता बहिणीचं लग्न आणि अडाणी बाप. कांद्याचं कौतुक मात्र तेच आहे. ह्या लोकांचं मानलं पाहिजे, दरवर्षी सुधारतात." खाली लोकांच्या हसण्याच्या प्रतिक्रिया.

त्याच्या कांद्याला करपा लागो! त्याच्या वाफ्यात पाणी साचो आणि त्याचा कांदा न कांदा सडो! मी आजही हे मनापासून म्हणतो. मला माहीत आहे, त्याला रोज तसल्या ढिगानं मेल येत असतील. माहीत आहे की तो फसून फसून शहाणा झाला होता. पण मी त्याला माझ्या बापाचा कांदा सांगितला होता. एक शब्द उलटून विचारायला काय झालं होतं?

काकांचा निरोप दोनच दिवसांत आला. पत्रिका जुळत नाही म्हणे. आधी छत्तीसातले चांगले गुण जुळले होते, ते आता जुळंनात. मी म्हणलं भांडायला जातो. आई म्हणाली, "कुणाशी भांडतो? बस गप."

बहिणीनं मला एवढंच सांगितलं, "मला ते पान बघायचंय." मी नको म्हणत होतो. ती ऐकंना. दुसऱ्या दिवशी माझ्यासोबत एस. टी.नं जालन्याला आली. क्लासमधे दुपारी कुणी नव्हतं. मी तिला खुर्ची दिली, पान उघडून दिलं आणि खिडकीपाशी जाऊन उभा राह्यलो.

ती भरभर वाचत नाही. तिनं वरून खालपर्यंत सगळा उकिरडा वाचला. दुसऱ्यांच्याही मेल वाचल्या. कुणी आजारी लेकराची गोष्ट सांगून लिंक मागितलेली, कुणी मेलेल्या बापाची. सगळे पहिल्या ओळीत म्हाताऱ्याच्या कांद्याचं कौतुक करत होते, सगळ्यांना तो लेख मनापासून आवडला होता. मंग ती परत वर गेली आणि माझं पत्र दुसऱ्यांदा वाचलं.

"दादा, हे तू स्वतः लिहिलंस?"

"हो."

"साचा न्हाई ना कुठला?"

"न्हाई गं. दोन दिवस लागले मला."

तिनं डोळे पुसले. तिची चूक नव्हती, ती जन्मात कधी कुणाला लागेल असं बोलत नाही, आणि तेव्हाही ती अगदी हळू बोलली. म्हणाली, "मी तुझी बहीण नसते ना दादा, तर मलाबी हे खोटंच वाटलं असतं."